दात दुखत नाही, तरी सायनसचं मूळ दातात

वाचकांचे प्रश्न, दातांविषयी. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेते आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तशी माणसं माझ्या नौपाड्यातल्या दवाखान्यात फार उशिरा पोहोचतात.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी ऐरोलीला राहतो, वय ४६, रबाळे एमआयडीसीत शिफ्टला असतो. गेले आठ महिने उजव्या नाकपुडीतून घट्ट पिवळं येतं आणि काहीतरी कुजल्यासारखा वास येतो. वास मलाच येतो, घरात कुणाला येत नाही. आधी वाटलं कंपन्यांच्या धुराचा असेल. पण गणपतीत दहा दिवस संगमेश्वरला गावी होतो, तिथेही वास होताच. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटतं, मग पंधरा दिवसांत पुन्हा तेच. ईएनटी डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला लावला. त्यात उजवं सायनस भरलंय आणि वरच्या दाढेच्या मुळाशी हाड झिजलंय असं आलं. त्या दाढेचं पाच वर्षांपूर्वी रूट कॅनाल करून कॅप बसवली आहे, ती कधीच दुखत नाही. दातांच्या डॉक्टरांनी छोटा एक्स-रे काढून ‘दाढ ठीक आहे’ म्हणून सांगितलं. आता नाकवाले म्हणतात दात दाखवा, दातवाले म्हणतात नाकाचं ऑपरेशन करा. आधी काय करू? न दुखणारी दाढ काढून टाकायची का?

उत्तर : संगमेश्वरची ती एक ओळ तुम्ही लिहिलीत, ती फार उपयोगाची आहे. हवेचा त्रास असता तर तो दोन्ही नाकपुड्यांना झाला असता आणि गावी गेल्यावर कमी झाला असता. तुमचा त्रास एकाच बाजूचा आहे, त्याला घाण वास आहे, औषध थांबलं की तो परत येतो आणि त्याच बाजूला वर एक रूट कॅनाल केलेली दाढ आहे. एवढ्या गोष्टी जमल्या की दात हा पहिला संशयित. तुमच्या स्कॅनने तर बोटच दाखवलं आहे.

गालाच्या हाडामागे दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते, मोठ्या माणसात साधारण १५ मिलिलिटरची, म्हणजे औषधाच्या तीन चमच्यांएवढी. हे मॅक्सिलरी सायनस. वरच्या दाढांची मुळं या पोकळीच्या तळाला अगदी लागून असतात. पहिली आणि दुसरी दाढ सगळ्यात जवळ, त्यांच्या पुढची उपदाढही बऱ्याच जणांत. काहींच्या बाबतीत मुळाचं टोक आणि सायनस यांच्यामध्ये हाड जवळजवळ नसतंच, नुसतं पातळ अस्तर असतं. मुळाच्या टोकाशी जंतू साचले की ते हाड पोखरतात आणि पू वर सायनसमध्ये उतरतो. ‘वर उतरतो’ हे वाचायला विचित्र वाटेल, पण घडतं तसंच. तोंडातल्या या जंतूंपैकी बरेच हवेशिवाय वाढणारे असतात. तुम्हाला येणारा कुजका वास त्यांचा आहे.

सायनसचं तोंड तळाशी नसतं, नाकाच्या बाजूच्या भिंतीत बरंच वर असतं. आतल्या अस्तराची बारीक लव चिकट पाणी सतत वर, त्या तोंडाकडे ढकलत असते. पू आणि सूज आली की हे काम मंदावतं, तोंड बुजतं आणि सगळं आतच तुंबतं. तुम्ही वाफारा घेता, स्प्रे मारता, त्याने नाक मोकळं होतं, पण मुळाशी चालू असलेला स्राव त्याने थांबत नाही. अँटिबायोटिकचंही तसंच. जुन्या रूट कॅनालच्या आत रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे गोळी तिथपर्यंत पोहोचतच नाही. ती सायनसमधले जंतू कमी करते, दाढेच्या आतले तसेच राहतात, आणि पंधरा दिवसांत तुम्ही पुन्हा पहिल्या जागी. म्हणून चौथा कोर्स जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलवाल्याकडून घेऊ नका. हे मी हात जोडून सांगते.

मग दाढ दुखत का नाही? दोन कारणं. रूट कॅनाल करताना दाढेच्या आतली नस काढलेली असते, त्यामुळे थंड-गरम लागणं संपलेलं असतं. आणि दातदुखीतली ठणक येते ती बंद जागेत पू दाबला गेल्यामुळे. तुमच्या दाढेच्या पुवाला वर वाट मिळाली आहे. दाब नाही, म्हणून ठणक नाही. वर्षानुवर्षं सायनसचे उपचार घेणाऱ्या कित्येकांना दातात कधीच काही जाणवलेलं नसतं. ‘दात दुखतोय का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, की पुष्कळ डॉक्टर तोंडाचा विषय तिथेच सोडून देतात. आमच्या विद्यार्थिदशेत पुस्तकांत लिहिलेलं असायचं की मॅक्सिलरी सायनसच्या आजारांत १० ते १२ टक्के दातांमुळे होतात. पुढे सीटी स्कॅन सर्रास होऊ लागले आणि एकाच बाजूच्या सायनसमध्ये हा वाटा त्याहून बराच मोठा आहे असं दिसत गेलं.

छोट्या एक्स-रेबद्दल मला स्वतःचा अनुभव सांगितला पाहिजे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत कोपरीच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. डाव्या गालात जडपणा, नाकातून घाण वास. मी एक्स-रे काढला, दाढेभोवती काही दिसलं नाही, आणि ‘दात ठीक आहे’ असं लिहून दिलं. सहा महिन्यांनी त्यांचा सीटी माझ्या टेबलावर आला. ईएनटी डॉक्टरांनी मुळाभोवती पेनाने गोल केला होता. सहा महिने त्या बाई वर्गात तोंडावर रुमाल धरून शिकवत होत्या. मला ते अजून आठवतं, आणि त्यानंतर वरच्या दाढेबाबत नुसत्या छोट्या एक्स-रेवर मी ‘ठीक आहे’ कधीच लिहिलेलं नाही. त्या फिल्मवर सगळं एकावर एक छापलं जातं. गालाच्या हाडाची सावली आणि सायनसचा तळ दाढेच्या मुळांवर येतो आणि मुळाशी झिजलेलं हाड त्यात लपतं. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेतही ते निसटू शकतं. अशा वेळी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, लागतो. तुमचा सायनसचा सीटी आहेच. त्याची सीडी दातांच्या डॉक्टरांना द्या, नुसता छापील रिपोर्ट नको. पुष्कळ रिपोर्टांत दातांबद्दल एक अक्षरही नसतं, तुमच्यात आहे हे तुमचं नशीब.

आता तुमचा मूळ प्रश्न. सरसकट दाढ काढू नका, आणि दाढ तशीच ठेवून फक्त नाकाचं ऑपरेशनही करू नका. डोळ्याला किंवा डोक्याला धोका दिसत नसेल, तर बहुतेक वेळा सुरुवात दाढेपासून करावी. एखाद्या एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या स्पेशालिस्टकडे जा. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं असतात, पण बहुतेकांच्या पुढच्या गालाकडच्या मुळात दोन कॅनाल, म्हणजे नसेच्या नळ्या, असतात, म्हणजे एकूण चार. ही चौथी फार बारीक असते आणि सहज राहून जाते. राहिली की जंतूंना घर मिळतं. मायक्रोस्कोपखाली ती शोधून रूट कॅनाल पुन्हा करता येतं, आणि ते नीट झालं तर दाढ वाचते. यासाठी कॅप कापावी लागेल, नवीन करावी लागेल, दोन-तीन फेऱ्या होतील. मूळ उभं तडकलेलं असेल तर मात्र दाढ वाचवण्याच्या खटपटीत पडू नका, ती काढावीच लागते. कधी कधी जुन्या रूट कॅनालमधलं भरण्याचं द्रव्य मुळाबाहेर सायनसमध्ये गेलेलं असतं आणि त्याभोवती बुरशीचा गोळा जमतो. स्कॅनमध्ये तो सायनसच्या मधोमध पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. तसं असेल तर ते नाकातूनच काढावं लागतं, नुसत्या दाढेच्या उपचाराने भागत नाही.

दाढेचं काम झालं की बऱ्याच जणांचं सायनस पुढच्या काही आठवड्यांत आपोआप निवळायला लागतं. नाही निवळलं, वरचं तोंड बुजलेलंच राहिलं, तर दुर्बिणीने नाकातून ते मोकळं करतात. बाहेर कुठे चिरा नसतो. त्रास फार असेल तर ईएनटी डॉक्टर हे आधी किंवा दाढेच्या बरोबरीनेही करतील, आणि तेही बरोबरच आहे. क्रमावरून वाद घालण्यापेक्षा दोघांनी एकमेकांना एक फोन करावा. तुम्ही दोघांचे नंबर दोघांना द्या आणि ‘तुम्ही आपसात बोला’ असं स्पष्ट सांगा. पेशंटने असं सांगितलेलं कुठल्याही चांगल्या डॉक्टरला रुचतं.

एक मात्र थांबण्यासारखं नाही. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, खूप ताप किंवा कपाळ फुटेल असं डोकं दुखणं यातलं काहीही झालं, तर शिफ्ट सोडून त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंची (वय ६७) वरची दाढ तीन आठवड्यांपूर्वी काढली. तेव्हापासून चूळ भरली की पाणी नाकातून येतं. चहासुद्धा येतो. त्यांना डायबेटिस आहे, आणि मिश्रीची सवय आहे. ‘भरून येईल’ असं सांगितलं होतं, पण येत नाहीये. आता वासही यायला लागला आहे. – कळव्याहून एक सून

उत्तर : दाढ निघताना तिच्या मुळाबरोबर सायनसचा तळ उघडला गेला आहे. मुळं इतकी जवळ असली की हात कितीही चांगला असो, हे होऊ शकतं. हे दुखणं जुनं आहे. नाथानिएल हायमोर या इंग्रज डॉक्टरांनी १६५१ साली या पोकळीचं वर्णन केलं, तेव्हाही त्यांनी अशाच एका बाईची हकीकत लिहून ठेवली आहे. तिचा सुळा काढल्यावर सायनसला तोंडातून वाट झाली होती.

एक-दोन मिलिमीटरचं भोक असेल तर रक्ताची गुठळी टिकून ते बहुधा आपोआप मिटतं. तीन आठवड्यांनी चहा नाकात जातोय, म्हणजे ते मिटलं नाही, आणि आता त्याला आतून अस्तर धरत आहे. अस्तर धरलं की ते स्वतःहून बंद व्हायची आशा फारशी नाही. ओरल सर्जनकडे न्या. आधी सायनस धुऊन आतला संसर्ग कमी करतील, मग गालाकडची हिरडी किंवा गालातली थोडी चरबी सरकवून भोक शिवतील. आत पू असताना घाईने शिवलं तर टाके सुटतात, म्हणून चार दिवस थांबायला सांगितलं तर कुरकुर करू नका.

तोवर त्यांना नाक शिंकरू देऊ नका, नुसतं पुसायचं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. स्ट्रॉने काही प्यायचं नाही, जोरात चूळ मारायची नाही. मिश्री पूर्ण बंद. ही सवय वर्षांची असते आणि सुनेने सांगून सुटत नाही, हे मला ठाऊक आहे, तेव्हा माझं नाव सांगा. मिश्री लावताना बोट त्या जागी जातं आणि तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो.

आणि साखर आजच तपासा, ती वाढलेली असली की काळ्या बुरशीचा, म्हणजे म्युकरमायकोसिसचा, धोका असतो. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसने आपल्याकडे किती जणांचे जबडे आणि डोळे गेले, ते आम्ही जवळून पाहिलं आहे. अनेकांमध्ये त्याची सुरुवात दात हलणं, टाळू काळी पडणं, एका बाजूचा गाल बधिर होणं अशीच होती. सासूबाईंना हे झालंय असं मी म्हणत नाही. पण टाळूवर काळपट डाग दिसला किंवा गाल बधिर वाटला तर सर्जनची वेळ मिळायची वाट पाहू नका. तुमच्या घराजवळच छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, तिथल्या कान-नाक-घसा विभागात घेऊन जा. शस्त्रक्रियेचा खर्च जड जात असेल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे. नवी मुंबईत नेरुळ-खारघरकडच्या दंत महाविद्यालयांतही ओरल सर्जरीचा विभाग असतो.

प्रश्न : मला कॉलेजपासून दोन्ही बाजूंना सायनस आहे. सकाळी शिंका, नाकातून पाणी, पावसाळ्यात जास्त. मामा म्हणतात वरच्या अक्कलदाढा काढल्या की सायनस जातं. काढू का? – घोडबंदर रोडहून एक वाचक, वय २४

उत्तर : नाही. दोन्ही बाजूंना पातळ पाणी आणि शिंका, ही बहुधा ॲलर्जी आहे. ईएनटी डॉक्टरांना दाखवा आणि घरातल्या भिंतींना बुरशी धरली आहे का तेही बघा. तुमच्या भागातल्या नव्या इमारतींतही पावसाळ्यात ओल दिसते. सर्दी जोरात असताना वाकल्यावर किंवा जिना उतरताना वरच्या चार-पाच दाढा एकदम ठणकल्या, तर ते सायनसचं दुखणं दातांत जाणवतंय असं समजा. अशा वेळी कुणी लगेच रूट कॅनाल सुचवलं तर आधी प्रत्येक दाढेला थंड लावून तपासायला सांगा. निरोगी दाढेला थंड लागतं आणि लगेच थांबतं. अक्कलदाढा किडलेल्या नसतील, सूज देत नसतील, तर त्या असू द्या.