भाकरी तुटत असेल तर आधी पीठ बघा

तुम्ही लिहिलंय की ज्वारीची भाकरी थापताना कडेला चिरते, तव्यावर फुगत नाही आणि गार झाली की कडवट लागते. पुण्यात एकटे राहता, पीठ पाकिटातलं आणता आणि एक पाकीट दीड-दोन महिने पुरतं. तुमच्या प्रश्नाला वर उत्तर देणाऱ्या दोघा-तिघांनी मूठभर कणीक मिसळायला सांगितलंय. माझं ऐकाल तर मिसळू नका. थापायला सोपं जातं हे खरं, पण जे तयार होतं ते धड भाकरी नाही न् धड पोळी नाही.

व्हिडिओ बघून हाताला दोष देत बसलात, पण मला वाटतं तुमच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. भाकरी एकसंध राहते ती स्टार्चच्या जिवावर. गरम पाण्यात तो फुगतो आणि चिकट होतो. पीठ जुनं झालं की हा चिकटपणा कमी होत जातो. शिवाय दळताना दाण्यातला अंकुरही भरडला जातो, त्यातलं तेल हवेने खवट होतं, तोच तुमचा कडवटपणा. बाजरीत तेल अधिक, म्हणून तिचं पीठ आठ-दहा दिवसांतच कडू पडायला लागतं. ज्वारीचं दोन-तीन आठवडे बरं राहतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. पाकिटावरची तारीख उलटली नसली तरी भाकरी होईलच असं नाही. चिमूटभर पीठ गार पाण्यात मळून गोळी करा आणि बोटाने दाबा. कडा लगेच फाटल्या तर त्या पिठाचं थालीपीठ करून मोकळे व्हा.

आता खरेदी. पाकीट सोडा, ज्वारी आणा आणि एकेक किलोच दळून घ्या. किलोत मध्यम दहा-बारा भाकरी होतात, एकट्याला आठवडाभर पुरे. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात किंवा पेठेतल्या जुन्या धान्याच्या दुकानात गेलात तर नुसतं 'ज्वारी द्या' म्हणू नका, मालदांडी मागा. ही रब्बीची, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली आणि साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेली. पावसाळा संपल्यावर दाणा भरतो म्हणून तो पांढरा, टपोरा आणि चमकदार राहतो. खरिपाची हायब्रीड स्वस्त पडते, पण दाणा भरायच्या वेळी पाऊस लागला की बुरशी येऊन ती काळपट पडते. भाकरी तिचीही होते, चव मात्र बेताची.

मालदांडीतलं '३५-१' हे वाण १९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेलं. इतक्या वर्षांत नवी वाणं किती आली, तरी आमच्याकडचा माणूस भाकरीसाठी अजून हेच नाव घेतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अर्थात दुकानात 'मंगळवेढा' लिहिलेलं प्रत्येक पोतं तिथूनच आलेलं असतं यावर माझा विश्वास नाही. पाटीपेक्षा दाणा बघा. मूठभर तळहातावर घ्या, तुकडे आणि काळे ठिपके किती ते पाहा, एक दाणा दाताखाली फोडा. कुबट वास आला तर पुढच्या दुकानात चला. (घरात वडीलधारं कोणी असेल आणि लाल ज्वारी बघून नाक मुरडत असेल, तर ते १९७२च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या अमेरिकन मिलोची, म्हणजे तिकडच्या लाल ज्वारीची, आठवण काढत असतात. समजून घ्या.)

गिरणीत एक काळजी घ्या. गव्हामागोमाग तुमची ज्वारी टाकली तर पहिलं पीठ मिसळ निघतं. ज्वारीवर ज्वारी दळायची वेळ विचारून जा. गिरणीवाले बहुधा सांगतात. पीठ बारीक हवं, आणि घरी आणल्यावर गरम असताना डबा बंद करू नका, आत घाम धरतो.

ताजं पीठ असेल तर पाणी चांगलं कढत घ्या, उकळी नसली तरी चालेल. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घ्या आणि परातीत तळहाताच्या टाचेने रगडून मळा. चार भाकरींचा गोळा मळून ठेवलात तर शेवटची हमखास चिरेल. थापताना खाली पीठ पुरेसं असू द्या, हात कडेकडेने फिरवा, मधे दाब देऊ नका. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवा. ते पाणी सुकत आलं, पण पुरतं वाळलं नाही, तेव्हाच उलटायचं. नवखे बहुतेक इथे चुकतात: उशीर केला की वरचा थर तडकतो, तिथून वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. पाण्याची बाजू नीट भाजली गेली की तवा बाजूला करून दुसरी बाजू आचेवर धरा. पापुद्रा सुटला पाहिजे.

न्यू जर्सीहून विचारणाऱ्या ताईंना: तुम्हाला पाकिटाशिवाय पर्याय नाही, तर उकड काढा. वाटीभर पिठाला साधारण वाटीभर पाणी, मीठ घालून खळखळ उकळा, गॅस बंद करून पीठ घालून ढवळा, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि हाताला सोसेल तितकं गरम असतानाच मळा. कोकणात तांदळाची भाकरी अशीच करतात. जुन्या पिठालाही यातून बराच चिकटपणा येतो, आणि हवी तर ही भाकरी लाटताही येते. कडवटपणा मात्र उकडीने जाणार नाही, म्हणून लहान पाकीट आणा आणि उघडलं की फ्रीझरमध्ये ठेवा.

सोबत काय खावं, हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न. पनीर बटर मसाल्याबरोबर भाकरी मागणारे लोक मला कळत नाहीत, गोडसर दाट रश्शात ज्वारीची चव बुडून जाते. मेथीची परतलेली भाजी, पातळसर पिठलं, किंवा काहीच केलं नसेल तर शेंगादाण्याची चटणी, वर कच्चं तेल आणि बाजूला फोडलेला कांदा. बाजरीचं मात्र हिवाळ्यातच. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी जितकी छान लागते, तितकी मे महिन्यात लागत नाही.

एकटे आहात तर दोन भाकरी जास्त टाका. सकाळी शिळी भाकरी कुस्करून, कांदा-मिरची-कढीपत्त्याची फोडणी देऊन दहा मिनिटांत नाश्ता होतो. त्यात शेंगदाणे घाला. टोमॅटो घालू नका, चिखल होतो.