बाईंवर काय लिहू?

प्रश्न : ताई, नमस्कार. लालबागच्या आमच्या प्राथमिक शाळेतल्या बाई गेल्या महिन्यात वारल्या. १९६७ ते २००२, पस्तीस वर्षं त्यांनी त्याच शाळेत शिकवलं. आम्ही माजी विद्यार्थी दादरला शोकसभा घेतोय, छोटी स्मरणिकाही काढतोय. मुख्य लेख माझ्याकडे आलाय. मी बँकेतून निवृत्त झालो, लिहायची सवय नाही. चार वेळा बसलो आणि चारही वेळा ‘ज्ञानदानाचं पवित्र कार्य’, ‘शिस्तप्रिय’, ‘विद्यार्थिप्रिय’ याच्यापुढे गाडी जाईना. आणखी एक अडचण आहे. बाई मारकुट्या होत्या. हातावर पट्टी बसायचीच. माझ्याहून बारा वर्षांनी लहान बहीण मात्र म्हणते, तिच्या वेळी बाईंनी कुणाला हातसुद्धा लावला नाही. हे लिहायचं की झाकायचं?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : त्या शब्दांशी तुम्ही अडलात, हे फार बरं झालं. ते खोटे नाहीत, पण कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही बाईंना ते बसतात. माझ्या बाईंबद्दल थोडं सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते लक्षात येईल.

मी परळच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात. महापालिकेच्या शाळेत पहिलीपासून चौथीपर्यंत एकच बाई आमचा वर्ग घेऊन वर चढल्या. १९८१ च्या फेब्रुवारीत जनगणना होती. ते काम शिक्षकांकडे, आणि बाईंच्या वाट्याला नेमकी आमची चाळ आली. शाळा सुटल्यावर काखेत कागदांचं बाड घेऊन त्या तीन मजले चढून आमच्या दारात उभ्या राहिल्या. एका खोलीत आम्ही आठ माणसं. आईने चहा टाकला. बाईंनी नावं, वयं, शिक्षण सगळं लिहून घेतलं आणि उठता उठता मला विचारलं, “तू अभ्यास कुठे करतेस गं?” मी बोट दाखवलं. जिन्याजवळच्या दिव्याखाली, नळावर जायच्या वाटेवर. बाई काही बोलल्या नाहीत. गणना संपली आणि मार्चपासून शाळा सुटल्यावर आमचा वर्ग तासभर उघडा राहू लागला. शिकवणी वगैरे काही नाही. बाई टेबलाशी वह्या तपासायच्या, आम्ही सात-आठ पोरं गृहपाठ उरकायचो. शाळेतल्या मावशी किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन दाराशी बसायच्या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. महिने उलटले तशी हजेरीपटावरची पोरं एकेक करून गावाला जाऊ लागली. आम्हीही त्या दिवाळीला संगमेश्वराकडे गेलो, परत कधी यायचं ते ठरलेलं नव्हतं. मी चौथीत होते, बाईंनी माझा स्कॉलरशिपचा फॉर्म भरलेला होता.

पंधरा दिवसांनी पोस्टमनने माझ्या नावाचं जोडकार्ड आणून दिलं. आजच्या मुलांना ठाऊक नसेल. दोन कार्डं एकमेकांना जोडलेली असायची, एक वाचायचं आणि दुसरं फाडून त्यावर उत्तर पाठवायचं. साधं कार्ड तेव्हा १५ पैशांना, जोडकार्ड ३० ला. पहिल्या कार्डावर बारीक अक्षरात पाच गणितं. उत्तराच्या कार्डावर बाईंनी स्वतःचा पत्ता आधीच घालून ठेवलेला. आमच्या घरात कार्डाला पैसे काढणं जड जाईल, हे त्यांच्या ध्यानात होतं. खाली एकच ओळ होती : ‘रीत दाखव, नुसतं उत्तर नको.’ एवढ्याशा जागेत पाच गणितांची रीत मांडायची म्हणून मी पेन्सिलीला पुन्हा पुन्हा टोक काढायचे. पुढच्या कार्डावर आधीच्या चुका आणि नवी पाच गणितं. गावाला गेलेल्या आणखी पोरांनाही अशी कार्डं जात होती, ते मला फार उशिरा कळलं.

परीक्षेला काकांनी रातराणीने मुंबईला आणलं. स्कॉलरशिप मिळाली नाही. निकालानंतर बाईंचं कार्ड आलं, त्यात निकालाबद्दल अक्षर नव्हतं. ‘पाचवीला इंग्रजी सुरू होईल. एबीसीडी गिरवून ठेव.’

माझ्याकडे त्यातली सात कार्डं अजून आहेत. बाईंवर लिहायची वेळ आली, तर मी ती समोर मांडून लिहीन.

तुमच्या बाईंचंही असं काहीतरी कुणाच्या तरी कपाटात आहे. लेख लिहायच्या आधी दहा जणांना फोन करा. ‘बाई कशा होत्या?’ असं विचारू नका, लोक ‘फार चांगल्या होत्या’ म्हणतात आणि विषय संपतो. ‘बाईंनी एकदा काय केलं ते सांग’ असं विचारा. लालबागला पस्तीस वर्षं म्हणजे संपाची सगळी वर्षं त्यांनी वर्गातून पाहिली. त्या काळात पट किती घसरला, डब्याशिवाय कोण यायचं, शाळा सोडल्याचे दाखले किती गेले, हे त्यांच्याबरोबरच्या शिक्षकांना विचारा. जनगणना, निवडणुकीची ड्युटी, पुढे पोलिओचे रविवार, हेही त्यांनी केलं असणार. ‘शिकवलं’ या एका शब्दात ते सगळं गडप होतं. तारखा घरच्यांकडून, सेवापुस्तकातून घ्या, आठवणीवर विसंबू नका. सुरुवात सावित्रीबाईंपासून करायचा मोह होईल. सावित्रीबाईंचं ऋण माझ्यासारख्या प्रत्येक मुलीवर आहे, पण १८४८ पासून निघालात तर तुमच्या बाई दुसऱ्या पानावर येतील, आणि स्मरणिका तर त्यांचीच आहे.

आता पट्टीचं. लिहा. झाकलंत तर सभेत बसलेल्या तुमच्या वयाच्या प्रत्येकाला ते कळेल, आणि मग बाकीचा लेखही त्यांना खरा वाटणार नाही. माझ्या बाईंनीही मारलं आहे. एकदा उशिरा आलेल्या मुलाला त्यांनी दोन पट्ट्या दिल्या. तो पहाटेपासून रॉकेलच्या रांगेत उभा होता, हे त्यांना मधल्या सुट्टीत कळलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मार चुकीचाच होता, आणि मुलाच्या हाताला तो लागलाच. बाईंच्या प्रेमापोटी मी त्याला दुसरं नाव देणार नाही, तुम्हीही देऊ नका.

पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या बहिणीने सांगितली आहे. शाळेतल्या शारीरिक शिक्षेला मनाई करणारा शिक्षण हक्क कायदा २००९ चा. बाई त्याच्या सात वर्षं आधी निवृत्त झाल्या, आणि बहिणीची शाळा त्याच्याही कितीतरी आधीची. म्हणजे त्या कायद्याची वाट न बघता तुमच्या बाईंनी पट्टी खाली ठेवली. चाळिशीतल्या बाईने, भरलेल्या वर्गात, रोजची सवय मोडली. कधी? कशामुळे? एखादा मुलगा, एखादं घरचं दुःख, की नुसतंच वाटलं म्हणून? याचा शोध घ्या. सापडलं तर लेखाचा निम्मा भाग त्यालाच द्या. नाही सापडलं तर तुमच्या हातावरची पट्टी आणि बहिणीचं वाक्य शेजारी शेजारी लिहा आणि पुढे चला.

शाळेतल्या मावशी हयात असतील तर त्यांच्याकडे आधी जा, फोनवर नको, घरी जा. वर्गाचं दार बंद असताना आतलं सगळं त्यांनाच ऐकू यायचं. आणि स्मरणिका छापून आली की पहिल्या गठ्ठ्यातली एक प्रत त्यांना नेऊन द्या. वाचता येत नसेल तर बाईंवरचा लेख तिथेच बसून वाचून दाखवा.