मेंदूच्या गेटवर औषध का अडतं?

प्रश्न : बाबांना सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. फॅमिली ग्रुपवर एका क्लिनिकची जाहिरात आलीय, 'एक्सोसोम थेरपी, औषध थेट मेंदूत'. आतेभाऊ म्हणतो व्हायरसवालं जास्त भारी. नक्की कोणतं चांगलं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : 'थेट मेंदूत' वाचून हसू आलं, खरं सांगतो. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातली बहुतेक औषधं बाहेरच राहतात, म्हणून तर औषध आत नेणारी ही सगळी वाहनं शोधायची धडपड.

आतेभाऊ अगदीच चुकीचा नाहीये. एएव्ही-९ नावाचा, आजार न करणारा व्हायरस रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो. छोट्या बाळांसाठी वर्गणी काढतात ना, ते '१६ कोटींचं इंजेक्शन', झोलजेन्स्मा, ते यावरच चालतं, अमेरिकेत २०१९ ला मंजूर झालं. पण ते एसएमएसाठी (बाळांचे स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार) आहे, पार्किन्सन्ससाठी नाही. शिवाय हा व्हायरस जीन वाहून नेतो, पण त्याचा डबा लहान, मोठा जीन त्यात मावतच नाही, बराच माल लिव्हरमध्ये उतरतो, आणि एकदा दिला की शरीर त्याला ओळखून ठेवतं, मग दुसरा डोस देता येत नाही म्हणा ना.

एक्सोसोम म्हणजे आपल्याच पेशींनी सोडलेले बारीक फुगे, ३० ते १५० नॅनोमीटरचे. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या टीमने त्यांच्यावर रेबीज व्हायरसच्या प्रोटीनचा तुकडा बसवला (रेबीजला मेंदूची वाट पाठ असते!) आणि उंदरांच्या मेंदूत जीन गप्प करणारा आरएनए पोचवून दाखवला. आयडिया झकासच. पण साधे फुगे शिरेतून सोडले की बहुतेक लिव्हर आणि प्लीहेत अडकतात, त्यात औषध भरणं अवघड, एक बॅच दुसरीसारखी निघेल याची खात्री नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) २०१९ मध्येच अशा विनामंजुरी एक्सोसोमबद्दल लोकांना सावध केलंय. त्या क्लिनिकला एक रुपयाही देऊ नका.

मला विचाराल तर तिसरी युक्ती जास्त पटते. मेंदूला लोह लागतं, त्यासाठी वेगळं दार आहे, त्या दाराला चिकटणारी अँटिबॉडी बनवायची आणि औषध तिच्या पाठीवर बांधायचं. जपानने २०२१ मध्ये हंटर सिंड्रोम या दुर्मिळ जनुकीय आजारासाठी असं औषध मंजूर केलंसुद्धा.

आणि बाबा लेव्होडोपा (पार्किन्सन्सची नेहमीची गोळी) घेत असतील तर तीही गोळी अशीच आत शिरते बरं का, पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडणाऱ्या डोपामिनला गेटवर एंट्री नाही पण लेव्होडोपा अमिनो अॅसिडच्या दाराने जाते. त्याच दारावर जेवणातलं प्रोटीनही रांग लावतं, म्हणून गोळी आणि जेवण यांच्यात किती वेळ ठेवायचा ते न्यूरोलॉजिस्टना एकदा विचाराच.