जुनी महिंद्रा एमएम ५४० डिझेल जीप घेतली आहे. सकाळी पहिल्यांदा वीस-पंचवीस मिनिटं झटापट केल्यावरच स्टार्ट होते, पांढरा धूर येतो, एकदा चालू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फवर उठते. शिवाय पन्नासच्या वर स्टिअरिंग थरथरतं, फोर व्हील टाकलं तरी पुढची चाकं ओढत नाहीत. मेकॅनिक इंजिन खोलायला सांगतोय. घरच्या घरी यातलं काय करता येईल?

आधी एक सांगतो, इंजिन खोलू नका. निदान या आठवड्यात तरी नको. तुम्ही लिहिलंय की सकाळी पहिल्यांदा वीस-पंचवीस मिनिटं झटापट करावी लागते आणि एकदा चालू झाली की दिवसभर अर्ध्या सेल्फवर उठते. इंजिन खरंच बसलेलं असतं, कॉम्प्रेशन गेलेलं असतं, तर गरम झाल्यावरपण थोडाफार त्रास दिला असता, ऑइल खाल्लं असतं, ऑइल टाकायचं झाकण काढल्यावर भकाभका धूर आला असता. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

मी मेकॅनिक नाही, कोल्हापूरकडचा आहे, नोकरी खुर्चीवरची. पण चुलत्यांची ५४० बारा वर्षं माझ्या दारात उभी आहे आणि तुमच्यासारखंच मीपण सुरुवातीला एकाचं ऐकून डिझेलचा मेन पंप खोलून घेतला होता. अकरा हजार गेले. पंप आला, बसवला, दोन दिवस बरी चालली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत तेच, घर्रर्र घर्रर्र आणि शेजारचे खिडकीत. मिस्त्री म्हणाला आता नोजल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) बघू. बायको म्हणाली आता गिऱ्हाईक बघू.

मग झालं काय, दिवाळीत गगनबावड्याला सासुरवाडीला गेलो, तिथं अंगणाला उतार आहे, जीप नाक खाली करून लावली. सकाळी पहिल्या सेल्फला उठली! थंडी आमच्यापेक्षा जास्त, तरी उठली. दुसऱ्या दिवशीपण तसंच. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांची गाडी आली म्हणून माझी फिरवून उलटी लावली, नाक चढाकडे, आणि सकाळी परत नाटक सुरू. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली की ही इंजिनाची भानगडच नाही, रात्रभरात डिझेल पाइपातून टाकीकडे परत उतरतंय, म्हणजे कुठंतरी हवा (एअर) घेतेय. नाक खाली असलं की टाकी वर जाते, डिझेल पंपाकडेच राहतं.

घरी येऊन शोधलं तर टाकीकडून येणारा रबरी पाइप क्लिपच्या जागी तडकलेला, तोपण वाकवल्याशिवाय दिसत नव्हता. नवा तुकडा आणि दोन क्लिपा, शंभराच्या आत काम. आणि थेंबभर डिझेल गळत नव्हतं बरं का, इथंच सगळे फसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) बाजू ओढणारी असते, तिथं चीर पडली तर चालू गाडीत डिझेल बाहेर येण्यापेक्षा हवा आत जाते, त्यामुळं खाली डाग नाही म्हणजे गळती नाही असं धरून चालायचं नाही.

तर तुम्हीपण आज रात्री जीप उतारावर नाक खाली करून लावा, हँडब्रेक आहेच पण पुढच्या चाकांना दगडपण लावा, या जीपच्या हँडब्रेकवर माझा तरी विश्वास नाही. सकाळी फरक पडला तर अर्धं निदान फुकटात झालं.

दुसरी गोष्ट बघायची ती धूर. सेल्फ मारताना कुणालातरी सायलेन्सरमागं उभं करा. सेल्फ फिरतोय आणि मागं काहीच धूर नाही, तर नोजलपर्यंत डिझेलच पोचत नाहीये, म्हणजे एअर. सेल्फ फिरताना पांढरा धूर येतोय, डोळ्याला झोंबणारा, डिझेलचा वास असलेला, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये, मग हीटर प्लग (थंड इंजिन पेटायला आत तापणारे प्लग) बघायचे. तुम्ही पांढरा धूर म्हणालात, पण तो सेल्फ मारताना येतो का स्टार्ट झाल्यावर मिनिटभर येतो ते लिहिलं नाही, आणि त्यातच सगळी मेख आहे. (गोडसर वास असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केटकडं संशय जातो, ते वेगळं.)

एअर काढायची पद्धत सोपी आहे, रिकामी बाटली, चिंध्या आणि रिंग पाना घेऊन बसायचं. फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा बोल्ट दोन आटे ढिला करायचा, फीड पंपाचा हातपंप खालीवर मारत राहायचा, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल, सलग यायला लागलं की हात न थांबवता बोल्ट आवळायचा. मग तेच मेन पंपाच्या बोल्टवर. तरी नाही उठली तर नोजलच्या पाइपांचे नट एकेक करून अर्धा आटा सोडून सेल्फ मारायचा आणि ओलं झालं की आवळायचं. तेव्हा बोट किंवा तळहात त्या नटाजवळ अजिबात न्यायचा नाही, त्या पाइपातलं प्रेशर एवढं असतं की डिझेल कातडीतून आत घुसतं, आणि ते टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन भागत नाही, ऑपरेशनवर जातं. बोल्टखालचे तांब्याचे वायसर जुने असतील तर बदला, मिळालेच नाहीत तर गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि परत बसतं. लोखंडाच्या उलटं आहे हे, मलापण आधी पटलं नव्हतं.

एअर कुठून घेते ते कळत नसेल तर बाइकच्या दुकानात पेट्रोलचा पारदर्शक पाइप मिळतो, त्याचा वीतभर तुकडा फिल्टर आणि पंपाच्या मधे तात्पुरता लावा आणि इंजिन चालू ठेवून बघत बसा. बुडबुडा दिसला की मागं मागं सरकत जायचं. फिल्टरच्या वाटीची रिंग, हातपंपाचा दट्ट्या, बँजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) आणि शेवटी टाकीतला उभा पाइप. यातलं काही ना काही सापडतंच.

आता हीटर. तुमच्या जीपमधे बहुतेक प्युजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन असणार, २११२ सीसी. ४.९० म्हणजे चार सिलेंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर, बाकी काही गूढ नाही. या इंजिनात डिझेल थेट दट्ट्यावर उडत नाही, आधी हेडमधल्या छोट्या चेंबरमधे पेटतं आणि मग खाली येतं, आणि थंड असताना ते चेंबर सगळी उष्णता खाऊन टाकतं, म्हणून हीटर लागतोच. हीटरची किल्ली दाबली की हेडलाइट मंद व्हायला पाहिजे, नाही झाला तर करंटच जात नाहीये, रिले नाहीतर वायर बघा. मंद झाला तरी चारही चालू आहेत असं नाही. चारही हीटरांना जोडणारी पट्टी काढा, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं टोक एकेका हीटरच्या डोक्याला, बल्ब पेटला तर आतली तार शाबूत, नाही पेटला तर तो हीटर मेला. चारातले दोन मेले की गाडी हिवाळ्यात अशीच रडते, सुरू झाल्यावर दोन सिलेंडरवर भडभडते आणि मिनिटाभरात सरळ होते. बदलायचे तर चारही एकदम बदला.

आणि हे सगळं करण्याच्याही आधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची इंजिन-बॉडीशी जोडणी. मल्टिमीटर नसेल तर घ्या, साधा चालतो. बॅटरी रात्रभर शांत राहिल्यावर १२.६ च्या आसपास पाहिजे. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला, रंगावर नाही, आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर तुमची अर्थिंगची पट्टी कामातून गेली आहे, काढून घासा नाहीतर नवी टाका. सेल्फ जोरात फिरला तरच डिझेल पेटण्याएवढी हवा तापते, सेल्फ रेंगाळला की सगळ्या दुखण्यांचं सोंग आणतो. माझ्या जीपच्या अर्थिंगच्या थिंबलखाली (वायरच्या टोकाची कडी) मागच्या मालकाने केलेला हिरवा रंग निघाला, अख्खी बॉडी रंगवताना त्यावरपण ब्रश फिरवलेला!

स्टिअरिंगचं सांगतो. दुकानदार लगेच स्टिअरिंगचा डॅम्पर (झटके शोषणारा दांडा) बसवून देईल, थरथर कमी होईलपण, पण ते तापात क्रोसिन दिल्यासारखं, खेळ जिथं आहे तिथंच राहतो. आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग बघा, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू बोल्ट आवळा, शॅकलचे (पाट्या चासीला जोडणाऱ्या झुलत्या कड्यांचे) बुश बघा. मग पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक वर-खाली धरून हलवा. खटखट लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे, खेळ तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे ज्याच्यावर चाक वळतं तो खुंटा. मग चाक आडवं, डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा, तेव्हा टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचं टोक) बोलतो. या ब्रेकच्या युक्तीने माझे दोनदा पैसे वाचलेत.

किंगपिनच्या वरच्या आणि खालच्या टोप्यांखाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात, त्या कमी केल्या की बेअरिंग आवळलं जातं. वरून जेवढी काढाल तेवढीच खालून काढायची, नाहीतर ॲक्सल मधोमध राहत नाही. बेअरिंगला खड्डे पडले असतील तर शिम काढून उपयोग नाही, बेअरिंगच बदला. पहिल्यांदा हे एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या शेजारी बसून बघा, मग स्वतः करा. म्हातारा मुद्दाम म्हणतोय, हल्लीची पोरं स्कॅनर लावायला जागा शोधतात.

फोर व्हीलचं बहुतेक हसण्यावारी जाणार आहे. पुढच्या हबवर फिरवायचे लॉक आहेत का बघा, बऱ्याच जणांनी नंतर बसवून घेतलेले असतात. ते फ्रीवर असले तर आत कितीही दांडे ओढा, पुढची चाकं नाही ओढणार. दोन्ही लॉक करा, मोकळ्या मातीत जा आणि फोर व्हील टाकून बघा. तरी ओढत नसतील तर तपासणीपुरते दोन्ही लॉक फ्रीवर करा (लॉक असले तर चाकंच शाफ्ट फिरवतात), फोर व्हील टाका आणि लांबून कुणालातरी खाली वाकून बघायला सांगा की पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतोय का. फिरतोय तरी लॉक केल्यावर चाक ओढत नाही, तर हब किंवा आतला ॲक्सल. फिरतच नाही, तर ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) नाहीतर दांड्याची जोडणी. हब खोलला तर आतलं सुकलेलं ग्रीस रॉकेलने धुवा आणि नवं हलकं लावा, ठासून भरू नका, घट्ट ग्रीसनेच लॉक अडकतात. आणि डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून ट्राय करू नका, वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधला फरक घालवायला जागा नसते, सगळा पीळ शाफ्टच्या सांध्यांवर (क्रॉसवर) आणि गिअरवर येतो. दांडा अडकून बसला तर चार-पाच फूट रिव्हर्स घ्या, सुटतो. चारही टायर एकाच मापाचे पाहिजेत हे ओघाने आलंच.

ओढ्यात घालणार असाल, आणि घालणारच, तर पुढच्या-मागच्या दोन्ही गोळ्यांवरचे (डिफरन्शियलवरचे) ब्रीदर, म्हणजे हवेची भोकं, मोकळे आहेत का बघून घ्या. गोळा चालून तापलेला असतो, गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, ब्रीदर बुजलेला असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मी एका पावसाळ्यात हे शिकलो, ड्रेन बोल्ट काढला तर दुधाचा चहा खाली आला. तेव्हापासून पाण्यातून आलो की आठवड्यात बोल्ट जरासा ढिला करून बघतो, पाणी जड असतं, आधी तेच बाहेर येतं. ऑइल घेताना गिअरबॉक्सला जीएल-४ आणि गोळ्याला जीएल-५ अशी वेगळी ग्रेड मागा, दुकानदार दोन्हीकडं एकच नव्वद नंबरचं ऑइल देऊन मोकळा होतो, पण जीएल-५ मधली केमिकलं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

घरी काय करायचं नाही तेपण सांगून ठेवतो. पंप खोलायचा नाही, नोजलचं प्रेशर अंदाजाने सेट करायचं नाही, त्याला टेस्टिंगचं मशीनच लागतं. ब्रेकचा व्हील सिलेंडर गळत असेल तर दोन्ही बाजूंचे बदला आणि पहिल्यांदा जाणकाराकडून तपासून घ्या, बाकी काही चुकलं तर गाडी बंद पडते, इथं चुकलं तर थांबत नाही. बाकी ग्रीस गन दर महिन्याला क्रॉस, शॅकल, टाय रॉड सगळीकडं फिरवा, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. स्पेअरला पुण्यात नाना पेठ, कोल्हापुरात उद्यमनगर, जुना पार्ट हातात घेऊनच जा, नुसतं मॉडेल सांगितलं की दुसराच पार्ट गळ्यात पडतो.

सध्या एवढंच करा, उतारावर लावा, धूर बघा, अर्थिंगचा आकडा घ्या. उद्या सकाळी काय झालं ते खाली कमेंटमधे लिहा, पाइपात बुडबुडे दिसले तर ते कुठल्या बाजूला दिसले तेपण लिहा, मग पुढचं बघू.