बांभोरी 'प्र.चा.' म्हणजे काय?

जळगावच्या एका वाचकाने विचारले आहे: "मामांच्या सातबाऱ्यावर 'मौजे बांभोरी प्र.चा.' असं लिहिलंय. हे 'प्र.चा.' काय आहे? एकाने 'प्रशासकीय चावडी' असा अर्थ सांगितला. बरोबर आहे का?"

चावडीचा इथे संबंध नाही. प्र.चा. म्हणजे 'प्रगणे चांदसर'. जळगावहून एरंडोलकडे जाताना गिरणेचा पूल ओलांडला की बांभोरी लागते. चांदसर हे त्याच धरणगाव तालुक्यातले गाव. एके काळी ते परगण्याचे, म्हणजे गावांच्या जुन्या महसुली गटाचे, ठिकाण होते आणि बांभोरी त्या परगण्यात मोडे. एकाच नावाची गावे आसपास असली की ओळख पटवायला कुठे 'बुद्रुक-खुर्द' लावत, तर कुठे परगण्याचे नाव.

आता 'परगणा' न लिहिता 'प्रगणे' का लिहीत? मला या प्रश्नातला सगळ्यात गोड भाग हाच वाटतो. मूळ फारसी शब्द 'परगना'. बोलताना मधला स्वर गळून 'प्रगणा' झाला आणि शब्द थेट संस्कृतासारखा दिसू लागला. (जनगणनेचा 'प्रगणक' मात्र खरोखर संस्कृत, त्याचे या शब्दाशी नाते नाही.) शेवटचा 'ए' आला फारसी जोडणीतून. फारसीत दोन नामे जोडताना मध्ये 'ए' येतो. परगना-ए-चांदसर, म्हणजे चांदसर नावाचा परगणा. दफ्तरात लिहिता लिहिता तो 'ए' आधीच्या शब्दाला कायमचा चिकटला. 'मौजे बांभोरी'तला 'मौजे' असाच, 'कसबे' असाच, 'किल्ले रायगड'मधला 'किल्ले'ही तसाच. म्हणून रायगड एकच असला तरी 'किल्ले' म्हणतो, ते अनेकवचन नव्हे. तुमच्या मामांच्या सातबाऱ्यावरच्या त्या एका ओळीत हा 'ए' दोनदा आला आहे: एकदा 'मौजे'मध्ये उघड, एकदा 'प्र.'मध्ये लपलेला.

 गावचा हिशेब पाटील-कुलकर्ण्यांकडे, परगण्याचा देशमुख-देशपांड्यांकडे. अनेक परगण्यांच्या गटाला 'सरकार' म्हणत, त्यावर सुभा, म्हणजे प्रांत. हा सारा मुलूख खानदेशचा. तिथल्या फारुकी सुलतानांची राजधानी आधी थाळनेर, मग बऱ्हाणपूर, दोन्ही तापीकाठी. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि शहजादा दानियालच्या नावावरून या मुलखाला 'दानदेश' म्हटले. ते नाव लोकांच्या तोंडी रुजले नाही, 'खानदेश'च राहिला.

१८१८ नंतर इंग्रजांनी धुळ्याला ठाणे करून संपूर्ण खानदेशचा एकच जिल्हा चालवला. 'जिल्हा' अरबीतला, मूळ अर्थ बरगडी, बाजू. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा मालेगाव, नांदगाव, बागलाण तिकडे गेले. १९०६ मध्ये उरलेल्याचे दोन भाग पडले: धुळ्याचा पश्चिम खानदेश, जळगावचा पूर्व खानदेश. १९३६ चे फैजपूर काँग्रेस अधिवेशन भरले ते पूर्व खानदेशात. जुन्या पत्रांवर 'जि. पू. खानदेश' दिसते ते याच काळातले. १९६० मध्ये जिल्ह्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला.

एवढ्या उलथापालथीत परगणा कधीच कामकाजातून गेला, त्याची जागा तालुक्याने घेतली, पण गावाच्या नावातून तो हलला नाही. पुण्याकडे हेच काम 'तर्फ' हा तसाच जुना महसुली विभाग करतो. आंबेगाव तालुक्यातले 'म्हाळुंगे तर्फे घोडा' बघा.

एक कळकळीची विनंती. हल्ली पाट्यांवर, नकाशांवर ठिपके गाळून 'बांभोरी प्रचा' असे लिहिलेले दिसते. तेवढ्याने शब्द मुका होतो, आणि मग कुणीतरी चावडी शोधून काढतो. ठिपके द्या, जमल्यास पूर्ण 'प्रगणे चांदसर' लिहा. आणि चोपडा तालुक्यात 'धानोरा प्र.अ.' दिसले, तर ते 'प्रगणे अडावद' आहे.