भिंतीपलीकडची सहा मुलं

प्रश्न : ताई, स.न.वि.वि. मी ७१ वर्षांचा, बँकेतून निवृत्त झालेला. नाशिकला आमची बारा फ्लॅटची जुनी सोसायटी आहे, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारचा फ्लॅट जूनपासून एका संस्थेने भाड्याने घेतला आहे. अनाथाश्रमातून बाहेर पडलेली सहा मुलं तिथे राहतात, सगळी अठरा-एकोणीसची. रात्री काळजीवाहक असतो म्हणतात. मला आठवड्यातून दोनदाच दिसला. साडेअकराला भांडी वाजतात, बोलणं भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू येतं, गॅलरीतला दिवा रात्रभर जळतो आणि जिन्यात चपलांचा खच. गेल्या रविवारी सभा झाली. कोणी म्हणालं, ठराव करून बाहेर काढा. कोणी म्हणालं, मेंटेनन्स दुप्पट लावा. एकांचं म्हणणं, गेटवर संस्थेची पाटी तरी लावा, म्हणजे लोकांना कळेल. भिंत माझी, म्हणून सेक्रेटरी पहिली सही माझी मागताहेत. मी आठ दिवस मागून घेतले.

खरं सांगतो, त्यातल्या एका मुलाने माझा सिलिंडर खांद्यावर घेऊन वर आणून दिला. चहा दिला तर नको म्हणाला. पण माझी नात अकरावीला आहे, क्लासहून आठ वाजता येते, आणि सूनबाई घाबरतात. यातली गुन्हेगार किती, हे शेजाऱ्याला कळायला नको का? सही करू की नको?
– एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : नका करू. तुम्ही बँकेतले, न वाचता सही करू नये हे मी तुम्हाला काय सांगणार! पण या कागदात वाचण्यासारखंही फार नाही.

आधी कायद्याचं उरकते. भाडेकराराची नोंदणी झाली आहे का, पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती दिली आहे का, हे घरमालकाला जरूर विचारा. दोन्ही झालं असेल तर भाडेकरू आवडत नाहीत म्हणून सोसायटी त्यांना बाहेर काढू शकत नाही. दुप्पट मेंटेनन्सही विसरा. मालक स्वतः राहत नसेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावता येतात, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. हा शासननिर्णय २००१ चा आहे, सेक्रेटरींना माहीत असायला हरकत नव्हती. आणि पाटी? तुमच्या दारावर ‘निवृत्त, रक्तदाब’ अशी पाटी लावली तर चालेल का?

आता मुलं. तुम्ही ज्याला अनाथाश्रम म्हणता ते सरकारी भाषेत बालगृह, आणि तिथली सगळी मुलं अनाथ नसतात. कित्येकांची आई असते, धुणीभांडी करत असते, सांभाळणं झेपत नाही एवढंच. अठरा पूर्ण झाली की बालगृह सुटतं. तुमच्या शेजारी आहे ती त्यापुढची सोय, अनुरक्षण गृह. २०१५ च्या बालन्याय कायद्यात ती एकविसाव्या वर्षापर्यंत आहे, फारच अडचण असेल तर आणखी दोन वर्षं. नियमातच म्हटलंय की सहा ते आठ जणांनी वस्तीत घर करून राहावं, शिकावं, कमवावं, चार पैसे साठवावेत आणि आपली खोली बघावी. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून मुलामागे महिन्याला ४००० रुपये धरलेले आहेत. नाशिकमध्ये एवढ्यात काय भागतं ते तुम्हीच हिशेब करून बघा.

मी २६ वर्षं परिविक्षा अधिकारी, म्हणजे अशा मुलांची चौकशी आणि देखरेख करणारी प्रोबेशन ऑफिसर होते, त्यातली बरीच सांगली-कोल्हापुरात. म्हणून तुमच्या तक्रारी वाचताना मला हसू आलं, रागावू नका. तो गॅलरीतला दिवा! बालगृहाच्या हॉलमध्ये चाळीस खाटा असतात आणि रात्रभर एक दिवा चालू असतो, पहारेकऱ्याला मुलं मोजता यावीत म्हणून. दहा-बारा वर्षं त्या उजेडात झोपलेल्या मुलाला मिट्ट अंधारात झोप लागत नाही. विचारलंत तर सांगणार नाही, लाजेल. बोलण्याचंही तेच. चाळीस जणांत स्वतःचं म्हणणं ऐकू जायचं तर ओरडावंच लागतं, आणि हळू बोल असं एकट्या मुलाला कोणी सांगितलेलं नसतं, सांगितलं ते सगळ्यांना एकदम, शिट्टी वाजवून. भांडी साडेअकराला वाजतात, कारण दोघे-तिघे दुसऱ्या पाळीवरून येत असणार. आणि स्वयंपाक त्यांना येत नाही. साठ माणसांचा भात मोठ्या पातेल्यात शिजताना पाहिलेला, सहा जणांना तांदूळ किती घ्यायचे हे कुठून कळणार? माझ्या ओळखीचा एक मुलगा पहिल्यांदा मंडईत गेला आणि त्याने भाजीवालीकडे दोन किलो कोथिंबीर मागितली. ती बाई अजून सांगते.

पण मी साधू नाही. २०११ मध्ये आमच्या मागच्याच गल्लीत असं घर सुरू झालं. आयुष्यभर अशाच मुलांच्या फायली लिहिलेली मी, पहिल्या रात्री मागच्या दाराला आतून कुलूप घातलं. नवऱ्याला म्हटलं, मांजर येतं. त्या घराशी माझं बोलणं सुरू झालं ते चौथ्या महिन्यात, आणि भांडणाने. त्यांचं मोरीचं पाणी आमच्या तुळशीत येत होतं. मी संस्थेला पत्र लिहिलं नाही, सरळ जाऊन झाडलं. मुलगा मान खाली घालून उभा राहिला, दुसऱ्या दिवशी नळी वळवली. आणि संध्याकाळी दारात हजर, ‘काकू, आमटीला फोडणी आधी घालायची की नंतर?’ त्याच्यावर रागावणारी माणसं आजवर सगळी पगारी होती. शेजारीण पहिलीच.

म्हणून, चपलांचं सोसायटीकडे नेऊ नका. दार वाजवा आणि सांगा. भांड्यांचंही सांगा, साडेदहानंतर मोरीऐवजी बादलीत भिजत ठेवा म्हणावं. घरातल्या नातवाला सांगाल त्याच आवाजात. ‘बिचारी पोरं’ म्हणून सोसू मात्र नका, सोसलेलं नंतर सभेत बाहेर पडतं.

गुन्हेगार किती, हा प्रश्न मला विचारलात, त्यांना विचारू नका. निरीक्षणगृहातून, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना ठेवतात तिथून, आलेला एखादा असूही शकतो. मोजके अपवाद सोडले तर बालपणीच्या गुन्ह्याचा डाग पुढच्या आयुष्यात लागू नये असं कायदाच म्हणतो, आणि ती नोंद शेजाऱ्याला दाखवायची नसते. वरच्या मजल्यावरच्या सभासदांपैकी कोणावर काय खटला आहे हे तरी तुम्हाला कुठे ठाऊक आहे?

सूनबाईंची भीती मी उडवून लावणार नाही. शेजारी सहा तरुण मुलगे राहायला आले, कॉलेजचे असोत की इंजिनीअर, आई जरा बिचकतेच. मुलाला आणि सुनेला बरोबर घेऊन एकदा रीतसर जा, सहाही जणांची नावं विचारा, नातीचं नाव सांगा. जिन्यातला बल्ब गेला असेल तर तो बदला. आणि कोणी खरोखर वेडंवाकडं वागला तर त्याच दिवशी संस्थेला आणि पोलिसांना कळवा, आईबाप नाहीत म्हणून सूट नको.

तुमच्या पत्रात मला एकच गोष्ट खटकली, आणि ती तुम्ही ओझरती लिहिली आहे : काळजीवाहक आठवड्यातून दोनदाच दिसतो. तक्रार करायची तर ही करा. मुलांबद्दल नव्हे, मुलांसाठी. संस्थेच्या प्रमुखांना लेखी विचारा, रात्री कोण असतो, समुपदेशक कधी येतो, रात्री दोनला एखाद्याला ताप भरला तर फोन कोणाला करायचा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तेच पत्र जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना पाठवा, पोच घ्या. तुमची पहिली सही त्या पत्रावर शोभेल.

सिलिंडरवाल्याने चहा नाकारला याचं वाईट वाटून घेऊ नका. परक्या घरी काही घेऊ नये हे बालगृहात शिकवतात. पुढच्या वेळी विचारू नका, कप हातात द्या. आणि चपला ठेवायची जुनी फळी कोणाकडे माळ्यावर पडून असेल तर तीही त्यालाच उतरवायला सांगा.