वीन ब्रिज ऑसिलेटरचे आउटपुट सिम्युलेशनमध्ये शून्यावरच का राहते?

आपण एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये 741 हा ऑप-ॲम्प (सिग्नल मोठा करणारी चिप) वापरून वीन ब्रिज ऑसिलेटर, म्हणजे साइन लहर तयार करणारे सर्किट, काढला आहे, ब्रिजमध्ये 10 किलोओहम आणि 10 नॅनोफॅरड, तर फीडबॅकला 20 आणि 10 किलोओहम घेतले आहेत, आणि आउटपुटला साइन लहरीऐवजी शून्यावर सरळ रेषा मिळते, असा आपला प्रश्न आहे. कोल्हापुरात उद्यमनगरात माझे इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचे काम चालते आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी नेमकी हीच तक्रार घेऊन येतात; बहुतेकांनी तोवर ऑप-ॲम्पची दोन-तीन मॉडेल बदलून पाहिलेली असतात, त्याची मुळीच गरज नसते.

खऱ्या बोर्डावर रेझिस्टरमधला नॉइज आणि सप्लाय चालू करताना बसणारा धक्का यांतून कंपने सुरू होतात. सिम्युलेटर मात्र आधी डीसी स्थिती (काहीही न हलता टिकणारी स्थिर व्होल्टेजे) काढतो आणि नेमका तिथूनच पुढे मोजत जातो. नॉइज नसल्याने सर्किटला त्या समतोलातून हलण्याचे काही कारणच उरत नाही. म्हणून सप्लायचे दोन्ही पिन जोडलेले आहेत एवढे पाहून, नॉन-इन्व्हर्टिंग (+) इनपुटच्या नोडला डॉट आयसी (.ic) निर्देशाने 10 मिलिव्होल्टची प्रारंभिक स्थिती द्या आणि आउटपुटचे निरीक्षण करा.

लहर उठून विरत गेली, तर गेन (इनपुटच्या किती पट आउटपुट मिळते तो आकडा) अपुरा आहे. आपल्या किमतींनी तो कागदावर लहर टिकायला लागतो तेवढा, बरोबर 3 येतो, पण ऑप-ॲम्पचा स्वतःचा गेन मर्यादित असल्याने प्रत्यक्षात किंचित कमीच पडतो. 20 च्या जागी 22 किलोओहम घातल्यास गेन 3.2 होतो आणि लहर दर मिलिसेकंदाला सुमारे 2.7 पट वाढते, म्हणजे सहा-सात मिलिसेकंदांत ती सप्लायच्या मर्यादेला भिडते. वारंवारता सुमारे 1.59 किलोहर्ट्झ असल्याने 1 मिलिसेकंदाच्या रनमध्ये जेमतेम दीड आवर्तन दिसेल. रन 20 मिलिसेकंदांचा ठेवा आणि कमाल टाइमस्टेप (दोन मोजणींमधले अंतर) 5 मायक्रोसेकंद करा, नाहीतर लहर खडबडीत दिसेल.

यानंतर माथे सपाट कापलेले दिसतील. गेन पुन्हा 3 वर आणून हे सुटत नाही, कारण मग लहर सुरूच होत नाही. मोठेपणा वाढताच गेन आपोआप उतरला पाहिजे. त्यासाठी 22 ऐवजी 18 आणि 4.7 किलोओहम सिरीजमध्ये घेऊन 4.7 ला समांतर दोन 1एन4148 डायोड उलटसुलट जोडावेत. लहान लहरीला गेन 3.27 मिळतो, डायोड वाहू लागले की तो 2.8 कडे झुकतो, आणि जिथे सरासरीने 3 होतो तिथे लहर स्थिरावते. प्रत्यक्ष बोर्ड बांधताना 18 च्या जागी 15 किलोओहम आणि 5 किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) घ्या, कारण बाजारातले कपॅसिटर जोडीने एकसारखे क्वचितच निघतात.

741 बदलू नका. त्याचा स्ल्यू रेट (आउटपुट किती वेगाने बदलू शकते तो दर) 0.5 व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे, म्हणजे 10 व्होल्ट शिखराची साइन तो साधारण 8 किलोहर्ट्झपर्यंत पेलतो, आणि आपली वारंवारता त्याच्या बरीच खाली आहे.